वरच्या मजल्यावरची न्हाणी

दोन मोठी माणसं आणि एक तान्हं बाळ, असं बुकिंगमध्ये आलं होतं. म्हणून छायाबाई सकाळीच ऑटोनं बजाज चौकात गेल्या आणि बाळाचा साबण, पावडरचा डबा, मऊ टॉवेल आणि एक पिवळा प्लास्टिकचा टब घेऊन आल्या. टब ऑटोत मांडीवरच धरून बसावं लागलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "नातू झाला काय?"

"नाई वो," छायाबाई हसल्या. "पाहुन्याचं लेकरू हाये."

सिंदी मेघेतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला काही वर्षांपासून असा पाहुण्यांसाठी होता. एक खोली, ओट्यापुरतं स्वयंपाकघर, गच्चीकडे उघडणारं दार आणि न्हाणी. मुलगी आकांक्षा हैदराबादला नोकरीला. तिनंच एका दिवाळीच्या सुट्टीत खोलीचे फोटो काढून बुकिंगच्या ॲपवर टाकले आणि जाताना बजावलं, "आई, लोक खोलीपेक्षा बाथरूम पाहतात. तिथं सामान नीट ठेवजो." मग तिनं तिकडून एक खोकं पाठवलं. हॉटेलात असतात तशा इवल्या बाटल्या आणि केस भिजू नयेत म्हणून डोक्याला घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या. पहिल्याच पाहुण्यांनी त्या टोप्या दुधाच्या पातेल्यावर आणि भाजीच्या वाटीवर झाकण म्हणून घातल्या, तेव्हा छायाबाईंनी ते खोकं माळ्यावर टाकलं.

इथं येणारे पाहुणे फिरायला आलेले नसत. मोठा दवाखाना जवळ, त्यामुळे येणारा जो तो पेशंटच्या मागं धावत आलेला. घाईत घर सोडलेला माणूस दवाखान्याची फाइल विसरत नाही, दात घासायचा ब्रश विसरतो. म्हणून छायाबाईंनी न्हाणीतल्या कोनाड्यात एक वेताची टोपली ठेवली. ब्रश, पेस्ट, अंगाचा साबण, कपड्याचा साबण, खोबरेल तेल, फणी, शॅम्पूच्या पुड्या, बायांसाठी पॅडचं पाकीट. नवीन पाहुणा यायचा असला की त्या टोपली पुन्हा भरून ठेवत. त्यात त्यांना एक प्रकारचं समाधान होतं. कोणी जाताना म्हणायचं, "काकू, घरच्यासारखं वाटलं." त्या दिवशी छायाबाईंचा स्वयंपाक चांगला व्हायचा.

पिवळा टब पाहून त्यांचे यजमान प्रभाकरराव म्हणाले, "उद्या कोनी म्हशीचं रेडकू घेऊन आलं, तर त्याचीबी सोय करजो." प्रभाकरराव वीज मंडळातून निवृत्त झाले होते. बोलणं तिरकं, पण टब वर नेऊन न्हाणीत ठेवला तो त्यांनीच.

दुपारी ऑटो आला. आधी एक तरुण उतरला, तिशीच्या आतला, दाढी वाढलेली. त्यानं हात दिला तशी एक मुलगी हळूहळू उतरली. डिसेंबरचे दिवस, अंगात स्वेटर, कानांवर घट्ट बांधलेला स्कार्फ. एक हात पोटाशी. छायाबाई फाटकातून तिच्या मागं ऑटोत पाहत राहिल्या. सीटवर एक बॅग आणि स्टीलचा डबा होता. ऑटो वळला आणि निघून गेला.

"बाळ?" छायाबाईंच्या तोंडून गेलं.

"दवाखान्यात हाये, काकू," तो म्हणाला. "काचेच्या पेटीत ठेवलं. आठव्या महिन्यातच झालं ना. आमच्या भावानं बुकिंग केलं, त्याले वाटलं..." पुढचं त्यानं सोडून दिलं. "मी रुपेश. ही मोनाली. पांढरकवड्याच्या तिकडून आलो आमी."

छायाबाईंना एकदम वरची न्हाणी आठवली. पायऱ्या चढून आपण आधी वर पोचावं, टब उचलून गच्चीत ठेवावा, असं त्यांच्या मनात आलं. पण मोनालीनंच विचारलं, "काकू, बाथरूम कुठं हाये?" आणि कठड्याला धरून ती वर निघालीसुद्धा. तिच्या पुढं कसं धावणार?

त्या खालीच उभ्या राहिल्या. वरून नळाचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. बऱ्याच वेळानं त्या वर गेल्या, तर मोनाली न्हाणीच्या दारात बाळाचा साबण हातात घेऊन उभी होती. वेष्टनावरच्या गुबगुबीत बाळाच्या चित्राकडे ती पाहत होती.

"काकू, हे तुमी आमच्या बाळासाठी आनलं?"

"चुकलं वो बाई माझं. मले वाटलं, सोबत येते. मी नेतो हे सगळं खाली, आत्ताच नेतो."

"नका नेऊ," मोनाली म्हणाली. "राहू द्या. तो येनारच हाये ना." आणि साबण तिनं होता तिथं, पावडरच्या शेजारी, ठेवून दिला.

तेव्हापासून वरच्या न्हाणीत मोठ्यांचं सामान एका बाजूला आणि बाळाचं दुसऱ्या बाजूला, असं राहिलं. बाळाचं अजून उघडायचं होतं.

मोनालीचा दिवस दवाखान्याच्या वेळांनी बांधलेला होता. दर काही तासांनी ती जाऊन वाटीत दूध काढून द्यायची. ते नळीनं त्याच्या पोटात जायचं. आत जाण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायला लावत, बांगड्या काढायला लावत, नखं तपासत. तिच्या हातात डोहाळजेवणाचा हिरवा चुडा होता, तो तिनं पहिल्याच दिवशी उतरवून ठेवला. नेलकटर नव्हतं. छायाबाईंनी आपलं दिलं, आणि मग टोपलीत एक नवीनच आणून टाकलं.

सिझरचे टाके ओले असताना जिना चढणं-उतरणं तिला जड जायचं, म्हणून दुपारची ती खालीच छायाबाईंच्या स्वयंपाकघरात टेकायची. छायाबाई तिला आळिवाची खीर द्यायच्या, शेपूची भाजी करून घालायच्या. तिची आई तिकडं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी होती, तिला येता येत नव्हतं. सासू एकदा येऊन पाहून गेली होती. घरी मोठ्या जावेलाही दिवस गेलेले, सातवा चालू होता.

"काकू, त्याचं बोट कसं हाये सांगू?" मोनाली एकदा खीर खाता खाता म्हणाली. "तांदुयाचा दाना राह्यते ना, त्याहून थोडं मोठं. काचेच्या भोकातून मी हात घातला, तर त्यानं माझं बोट धरलं. सोडूनच नाई राह्यला. सिस्टर म्हने, चला आता, टाइम झाला. मी म्हटलं, मी कुठं धरलं, त्यानंच धरलं."

छायाबाई हसल्या. मोनालीही हसली. तिचं हसणं छायाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती.

बाळाचं वजन वाढत होतं. तोळ्या-माशानं का होईना, पण वाढत होतं. रुपेश संध्याकाळी आला की फाटकातूनच सांगायचा, आज किती झालं. त्याचं पांढरकवड्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद करून तो इथं बसला होता. पाहुण्यांशी फारसं न बोलणारे प्रभाकररावसुद्धा आता संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसत आणि विचारत, "काय म्हनते पैलवान?"

एक दिवस मोनाली दवाखान्यातून आली ती जिन्याकडं न जाता थेट स्वयंपाकघरात. तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. त्या दिवशी त्याला काचेतून काढून थोडा वेळ तिच्या छातीवर, उघड्या अंगाला लावून ठेवलं होतं. असंच जमलं तर पुढच्या आठवड्यात घरी नेता येईल, असं डॉक्टर बोलले होते.

"काकू, त्याच्या डोक्याले वास येते. औषधाचाच येते, पन त्याच्या खाली त्याचाबी येते," ती म्हणाली. आणि मग, "त्याले अजून एकदाही पानी नाई लागलं. कापसानं पुसतात नुसतं. मले त्याची आंघोळ करता येईन का हो? मी तर कधी कोनाची केली नाई."

"जिजाबाई येईन ना," छायाबाई म्हणाल्या. "आपल्या इकडच्या सगळ्या लेकरायले तिनंच न्हाऊ घातलं. आमच्या आकांक्षालेबी."

आणि संध्याकाळी त्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या जिजाबाईला सांगूनही आल्या. जिजाबाई म्हणाली, "लहान हाये म्हनता, तर पहिले मी तेल लावीन फक्त. मग पाहू."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाला काचेतून बाहेर काढणं बंद झालं. रक्तात जंतू झाले, असं रुपेशनं सांगितलं. त्या दिवसापासून तो फाटकातून वजन सांगेनासा झाला आणि प्रभाकररावांनीही विचारलं नाही. मोनाली दूध काढून द्यायला जायची, पण ते दूध आता बाळाला देत नव्हते. "ठेवून देतात," ती म्हणायची. "बरा झाला की देतीन."

एका सकाळी छायाबाई अंगणात सडा टाकत होत्या, तेव्हा रुपेश एकटाच चालत येताना दिसला. त्याच्या चालण्यावरूनच त्यांना समजलं. हातातली बादली त्यांनी खाली ठेवली.

"गेला, काकू," तो म्हणाला.

प्रभाकरराव बाहेर आले. रुपेश ओट्यावर बसला. रडत नव्हता. मोबाइल या हातातून त्या हातात करत होता. मोनाली दवाखान्यातच बसली होती. थोड्या वेळात बाळाला हातात देणार होते. त्यानं घरी फोन लावला होता.

"बाबा म्हनते, इकडं नको आनू. वहिनीले सातवा चालू हाये. घरात भरल्या पोटाची बाई हाये, तिकडंच करून टाक म्हने. लहान्या लेकराचं जास्त काही करत नाई म्हने." त्यानं मान वर केली. "पन मोनाली ऐकून नाई राह्यली, काका. ती म्हनते, मले त्याची आंघोळ करायची हाये. एकदा. मग न्या म्हनते. मी म्हटलं, कुठं करतं? आपलं घर कुठं हाये इथं?"

त्यानं विचारलं काहीच नाही. पण विचारल्यासारखंच झालं.

प्रभाकरराव उठून घरात गेले. छायाबाई मागं गेल्या.

"छाया, हे आपल्याले नाई जमनार," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मले वाईट नाई वाटत का? पन आपन ती खोली लोकायले देतो. बिमारीतले लोकं येतात, भ्यालेले लोकं. उद्या त्यायले समजलं का इथल्या न्हानीत मयत धुतली, तर कोन येईन? अन् गल्लीतले? समोरच्या शकुंतलाबाई तर गावभर करतीन."

छायाबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर ओट्यावर रुपेशची पाठ दिसत होती. स्वेटर उलटा घातला होता त्यानं, शिवण बाहेर.

"ते लेकरू आपल्या घरी येनारच होतं," छायाबाई म्हणाल्या. "बुकिंग हाये त्याचं. दोन मोठे, एक लहान. तुमीच मले वाचून दाखवलं."

प्रभाकररावांनी खुंटीवरचा शर्ट काढला, अंगात घातला, बटणं लावता लावता म्हणाले, "त्या पोराले एकट्याले कसं पाठवतं? मी जातो त्याच्यासोबत. तू गिझर लाव."

छायाबाई आधी जिजाबाईकडे गेल्या. जिजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "छायाताई, मी जित्या लेकरायची बाई हाये," ती म्हणाली. "हे मी केलं अन् कोनाले समजलं, तर बाळंतिनीच्या घरी मले कोनी उंबरा चढू देईन का? राग नका मानू." छायाबाई वळल्या तशी ती दारापर्यंत आली. "मान धरजा नीट. अन् पानी कोमटच घेजा. कोनी थंड घ्या म्हनतीन, पन तुमी कोमट घेजा."

ऑटो आला तेव्हा मोनाली मागं मधोमध बसली होती. मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, जेमतेम एखाद्या पोळपाटाएवढं. दोन बाजूंना दोन पुरुष. समोरच्या घराच्या खिडकीचा पडदा हलला. छायाबाईंनी फाटक पूर्ण उघडून धरलं.

जिना चढताना मोनालीनं बाळ कोणाला दिलं नाही.

न्हाणीत छायाबाईंनी पाट मांडला होता. टबाकडे मोनालीनं पाहिलंही नाही. लहान मुलाला जशी पायांवर घेऊन आंघोळ घालतात, तशीच तिला घालायची होती. छायाबाई म्हणाल्या, "तुझे टाके ओले हायेत, मी बसतो पाटावर."

"नाई, काकू. माझ्याच पायावर."

भिंतीला टेकवून, धरून धरून त्यांनी तिला बसवलं. तिनं साडी गुडघ्यापर्यंत घेतली, पाय लांब केले. छायाबाईंनी कापड सोडवलं आणि बाळ तिच्या नडग्यांवर ठेवलं. त्याचं सगळं अंग तिच्या दोन पायांच्या मधल्या खळग्यात मावलं. केस मात्र भरपूर होते, काळेभोर, कपाळावर आलेले.

गालावर आणि नाकापाशी नळीच्या चिकटपट्टीचा चिकट डाग राहिला होता. मोनालीनं तो बोटानं काढून पाहिला, निघाला नाही. "काकू, खोबरेल द्या." छायाबाईंनी टोपलीतली बाटली दिली. तिनं तेलाचं बोट हळूहळू फिरवत, फिरवत तो डाग काढला. घाई केली नाही. मग बाळाच्या साबणाचं वेष्टन तिनं फाडलं.

छायाबाई तांब्यानं पाणी घालत होत्या. डोक्यावर पाणी घालायची वेळ आली, तेव्हा मोनालीनं आपला तळहात त्याच्या कपाळावर आडवा धरला. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून आया धरतात तसा.

"झालं, झालं," ती त्याला म्हणाली. "झालंच आता."

छायाबाईंना पुढचा तांब्या उचलता येईना. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं तेव्हा मोनालीच्या ब्लाउजवर दोन्ही बाजूंनी ओले डाग पसरत होते. पाण्याचे नव्हते. तिच्याही ते लक्षात आलं. तिनं खाली वाकून स्वतःकडे पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठं तिच्या घशातून आवाज फुटला. खोलीत बसलेला रुपेश धावत दाराशी आला. प्रभाकररावांनी त्याला दंडाला धरून थांबवलं आणि स्वतःही तिथंच थांबले, भिंतीकडे तोंड करून.

छायाबाईंनी तिला रडू दिलं. पाणी निवत होतं. मग त्यांनी उठून बादलीत गिझरचं थोडं गरम पाणी सोडलं, हात घालून पाहिलं आणि राहिलेली आंघोळ दोघींनी मिळून पुरी केली. टॉवेलनं टिपलं. पावडर लावली. मोनालीनं त्याचे केस आपल्या बोटांनी एका बाजूला वळवले.

"तीट लावू काय, काकू?"

आता कोणाची नजर लागायची राहिली होती? छायाबाई खाली गेल्या, आपली काजळाची डबी घेऊन आल्या. "लाव," म्हणाल्या.

तिनं गालावर तीट लावली. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. नाव असेल किंवा दुसरं काही. छायाबाईंनी कधी विचारलं नाही.

पुरुष दोघंच गेले. रुपेशच्या हातात बाळ, प्रभाकररावांच्या हातात शेजारून मागून आणलेलं फावडं. गावाबाहेर नाल्याच्या काठी लहान मुलांना पुरायची जागा होती. दुपारी परतले तेव्हा प्रभाकररावांच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. छायाबाईंनी विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, "त्या पोराच्यानं नाई झालं. मीच केलं."

पुढचे दिवस मोनाली वर पडून होती. दूध थांबत नव्हतं. छातीत गाठी झाल्या, ताप भरला. छायाबाईंनी डॉक्टरांना विचारून गोळ्या आणल्या, जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून तिला घट्ट बांधली, रात्री दुखलं तर हाक मार म्हणून सांगितलं. ती हाक मारत नसे. सकाळी छायाबाई वर जात, तेव्हा पट्टी ओली असे.

शेवटी तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. रुपेशही बरोबर गेला. जाण्याआधी, नको नको म्हणत असताना, तिनं न्हाणी घासून धुतली. फिनाइलचा वास खालपर्यंत येत होता. छायाबाईंच्या पाया पडायला ती वाकू लागली, तर पोटाला धरून अर्ध्यातच थांबली. छायाबाईंनी तिला उभीच जवळ घेतली.

प्रभाकररावांना जी भीती होती, तसं थोडंफार झालंही. पुढचं एक कुटुंब खोली पाहायला आलं, समोरच्या शकुंतलाबाईंशी फाटकात बोललं आणि येतो म्हणून गेलं ते गेलंच. छायाबाईंनी आकांक्षाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू जेवली का?" थंडी संपेपर्यंत वरची खोली जवळजवळ रिकामीच होती. त्यानंतर लोक यायला लागले. दवाखान्यात माणसं येतच राहतात, त्यांना जागा लागते. पण छायाबाई आता आधीच काही आणून ठेवत नसत. पाहुण्याला फोन करायच्या, सोबत कोण आहे, काय लागेल, विचारायच्या. पलीकडचा माणूस गोंधळून गप्प झाला, तर त्या म्हणत, "बरं, या तुमी. मग पाहू."

मार्च उलटता मोनालीचा फोन आला. आवाज बरा होता.

"काकू, जाऊबाईले मुलगी झाली."

"हो का? छान झालं, बाई. तू गेलती का?"

"गेलती. बारशाच्या दिवशी गेलती." तिच्या मागं पंख्याचा आवाज येत होता. "सासू म्हने, सध्या तू हात नको लावू. रागानं नाई म्हटलं त्यायनं. समजावूनच म्हटलं. मी म्हटलं, बरं."

"इकडं येजो मग," छायाबाई म्हणाल्या. "चार दिवस राह्यजो माझ्याजवळ."

"काय करायले येऊ, काकू? दवाखान्यात आता माझं कोनी नाई." आणि मग, घाईघाईनं, जणू हेच विचारायला फोन केला होता, "काकू, ते ठिकान मले पाहता येईन का? मी नाई पाह्यलं. यायनं पाह्यलं, काकानं पाह्यलं. मी नाई पाह्यलं."

प्रभाकरराव शेजारीच बसले होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. ते म्हणाले, "येऊ दे म्हना. ऑनलाइन-बिनलाइन काही करू नका. असेच या म्हना."

मे महिन्यात ती दोघं आली. उन्हाच्या आधी जाऊन यायचं म्हणून चौघंही सकाळी लवकर निघाले. मोनाली अंगानं सुधारली होती. कानाला स्कार्फ नव्हता, हातात साध्या काचेच्या बांगड्या होत्या. नाल्यापर्यंत ती छायाबाईंचा हात धरून चालली. बाभळीच्या खाली पोचल्यावर पुढं चालणारे प्रभाकरराव थांबले.

छायाबाईंनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. पावसाळ्याआधीची नालेसफाई झाली होती. कोणीतरी जेसीबी लावून नाल्यातला गाळ काठावर टाकला होता आणि सगळी जमीन सारखी केली होती. लांबच लांब, काळी, भेगाळलेली, सपाट. कुठं दगड नाही, उंचवटा नाही, काही नाही. छायाबाईंना ती जागा माहीत नव्हती, पण ती कोणालाच सापडणार नाही एवढं त्यांना समजलं.

प्रभाकररावांनी रुपेशकडे पाहिलं. रुपेशनं त्यांच्याकडे.

"कुठं?" मोनालीनं मागून विचारलं.

प्रभाकरराव चालू लागले. बाभळीपासून थोडं पुढं, मग उजवीकडे, जराही न अडखळता, घरातल्या खोलीत चालावं तसे. एका जागी थांबून त्यांनी बोट दाखवलं. "इथं."

मोनालीनं नवऱ्याकडे पाहिलं. "इथंच ना?"

"हो," रुपेश म्हणाला. "इथंच. काकानं अन् मी..." त्यानं नुसती मान हलवली.

मोनाली खाली बसली. तिनं तळहात जमिनीवर टेकवला. मग तिथले खडे, काटक्या, वाळलेला गाळ ती एकेक करून वेचू लागली आणि बाजूला ठेवू लागली, हातभर जागा मोकळी, मऊ होईपर्यंत. प्रभाकरराव नाल्याकडे तोंड करून उभे होते. छायाबाई त्यांच्या जवळ गेल्या, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

ऊन चढू लागलं. तिला ऊठ म्हणायला कोणी पुढं झालं नाही.